वेगळी पंगत

२० ऑगस्ट १९२९ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये 'हालेलुया' नावाच्या बोलपटाचा पहिला खेळ झाला, आणि तो एकाच वेळी दोन थिएटरांत झाला. एक टाइम्स स्क्वेअरचं एम्बसी, दुसरं हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं लाफायेट. एम्बसी गोऱ्यांसाठी, लाफायेट कृष्णवर्णीयांसाठी. चित्रपट तोच, गाणी तीच, आणि पडद्यावर दोन्हीकडे काळीच माणसं. ज्यांच्यावर चित्रपट काढला त्यांना मुख्य थिएटरात शेजारी बसवायचं नव्हतं, म्हणून हा दुहेरी थाट. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी तेव्हाच यावर कडाडून टीका केली.

स्वयंपाक एकाच चुलीवरचा, पंगती मात्र दोन. हा प्रकार काय असतो ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

हॉलीवूडच्या जुन्या म्युझिकल्समध्ये, म्हणजे संगीतपटांमध्ये, हा एक छोटासा कप्पा आहे: झाडून सगळे कलाकार कृष्णवर्णीय असलेले चित्रपट. १९२९ ते १९५९ या तीस वर्षांत मोठ्या स्टुडिओंनी असे चित्रपट काढले ते जेमतेम सहा-सात. यूट्यूबवर त्यांतला एखादा नाच समोर येतो आणि खाली कोणीतरी कौतुकाने लिहिलेलं असतं, बघा, त्या काळीसुद्धा हॉलीवूड किती पुढारलेलं होतं! मला दर वेळी त्याला सांगावंसं वाटतं की बाबा, उलटं आहे. 'सगळे काळे' यातल्या 'सगळे' या शब्दाकडे नीट बघ. तो उदारपणातून आलेला नाही, सोवळ्यातून आलेला आहे.

हे सोवळं कसं चालायचं? दक्षिणेकडच्या राज्यांत ते थेट कायद्यातच होतं. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. थिएटरात कृष्णवर्णीयाला शिरू दिलंच तर बाजूच्या जिन्याने वर, बाल्कनीत. शिवाय हॉलीवूडची स्वतःची एक आचारसंहिता होती, 'हेज कोड'. ती १९३० साली लिहिली गेली आणि १९३४ पासून कडक अंमलात आली. गोरा आणि काळा यांच्यातले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायचे नाहीत, असं तिच्यात स्पष्ट कलमच होतं. म्हणजे नायक गोरा आणि नायिका काळी हा विषयच बंद. आणि यावर कडी म्हणजे गावोगावचे सेन्सॉर. दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात लॉइड बिनफर्ड नावाचे गृहस्थ १९२८ पासून १९५५ पर्यंत सेन्सॉर मंडळावर ठाण मांडून होते. १९४५ मध्ये त्यांनी 'ब्रूस्टर्स मिलियन्स' या साध्या विनोदी चित्रपटावर बंदी घातली. कारण काय, तर त्यात एडी अँडरसन हा कृष्णवर्णीय नट गोऱ्या पात्रांशी फारच सलगीने वागतो.

आता निर्मात्याच्या जागी बसून हिशेब करा. अख्ख्या दक्षिणेचा गल्ला सोडायचा नाही, आणि हार्लेमच्या नाचगाण्याचं तर गोऱ्या प्रेक्षकालाही वेड. मग त्याने दोन वाटा काढल्या.

पहिली वाट सुट्या डब्याची. गाडीला शेवटी जोडायचा आणि हव्या त्या स्टेशनात काढून टाकायचा. लीना हॉर्न ही देखणी, तयार गळ्याची गायिका १९४२ मध्ये एमजीएम या बड्या स्टुडिओकडे करारावर आली. पण गोऱ्यांच्या चित्रपटांत तिला भूमिका अशी नसेच. मध्येच पडदा उघडायचा, उंची गाउन घातलेली लीना एखाद्या खांबाला टेकून गाणं म्हणायची, पडदा बंद. पुढे-मागे कथेतलं कोणी तिच्याशी एक शब्द बोलायचं नाही. कारण बोललं तर तो तुकडा कापता येणार नाही. मेम्फिसला प्रिंट गेली की गाणं कापलं आणि कथेला टाकासुद्धा घालावा लागला नाही. तिची ती गाणी पाहताना हा खांब दिसला की मला पुढचं गाणं ऐकूच येत नाही.

दुसरी वाट म्हणजे आपला विषय: गोऱ्यांना कथेतूनच बाहेर काढा. मग सलगी नाही, प्रेमप्रकरणाची भानगड नाही, शेजारी बसण्याचा प्रश्नच नाही. अख्खा चित्रपटच वेगळ्या पंगतीला बसवला.

याला सुरुवात झाली ती बोलपटामुळे. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'ने आवाजाचं वेड लावलं (आणि त्यात गोरा अल जोल्सन तोंडाला काळं फासून गायला होता, हेही लक्षात ठेवा). आवाज आला म्हणजे गाणं हवं, आणि कृष्णवर्णीयांचा आवाज नव्या यंत्रावर जास्त चांगला उमटतो असाही एक समज तेव्हा पसरला होता. १९२९ मध्ये फॉक्सने 'हार्ट्स इन डिक्सी' काढला आणि त्याच वर्षी एमजीएमने 'हालेलुया'. दिग्दर्शक किंग व्हिडॉर टेक्सासचा गोरा माणूस. स्टुडिओ पैसा घालायला तयार होईना, तेव्हा त्याने स्वतःचं मानधन पणाला लावलं. टेनेसी आणि आर्कान्सामध्ये जाऊन त्याने खऱ्या शेतांत, खऱ्या नदीकाठी चित्रण केलं. आवाजाची यंत्रं तिथे न्यायची सोय नव्हती, म्हणून आधी मुकं चित्रण आणि मग स्टुडिओत त्यावर आवाज. नदीतल्या सामुदायिक बाप्तिस्म्याचा प्रसंग आजही अंगावर येतो.

पण याच चित्रपटात या सगळ्या प्रकारातली मोठी लबाडीही दिसते. नायक झीक कापूस पिकवतो, विकतो, जुगारात पैसे घालवतो, भाऊ मारला जातो, झीक धर्मोपदेशक होतो, पुन्हा बाईच्या नादी लागतो. आता विचारा: ते शेत कोणाचं? कापसाचा भाव कोण ठरवतं? सावकार कोण? दक्षिणेतल्या कापसाची गोष्ट, आणि जमीनदाराचा पत्ताच नाही! गोरा माणूस पडद्यावरून गेला तसा त्याच्याबरोबर अन्यायही गेला. उरलं काय, तर काळ्या माणसाचं दुःख त्याच्या स्वतःच्याच अवगुणांतून येतं: जुगार, दारू, बाई. विदर्भातल्या कापूस उत्पादकावर चित्रपट काढायचा आणि त्यात व्यापारीही नाही, बँकही नाही, फक्त शेतकऱ्याचं व्यसन, असं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नेमकी गोम कळेल.

व्हिडॉरला ऑस्करचं नामांकन मिळालं. नायिका नीना मे मॅकिनी तेव्हा सतरा-एक वर्षांची, पडद्यावर वीज. एमजीएमने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला आणि मग तिला द्यायला त्यांच्याकडे भूमिकाच नव्हत्या. ती युरोपात गेली. नायिका तयार करायची आणि पुढचं पान वाढायचंच नाही, हे याच कप्प्यात पुन्हा पुन्हा घडताना दिसेल.

१९३६ चा 'द ग्रीन पास्चर्स' बायबलातल्या गोष्टींवरचा. त्यात समूहगान भरपूर आहे, पण त्याला संगीतपट म्हणायचं का यावर वाद घालता येईल. आपण थेट १९४३ ला जाऊ.

एकाच वर्षी दोन स्टुडिओंचे दोन चित्रपट आले, तो योगायोग नव्हता. महायुद्ध चालू होतं. कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या तुकड्यांत लढत होते आणि मायदेशी त्यांच्या वर्तमानपत्रांनी 'दुहेरी विजय' ही मोहीम उघडली होती: एक विजय फॅसिझमवर, दुसरा घरातल्या वर्णभेदावर. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलीवूडला जाऊन स्टुडिओवाल्यांना भेटले. आमच्या माणसांना नुसत्या मोलकरणी आणि हमाल म्हणून दाखवणं बंद करा, सर्वसामान्य माणसं म्हणून दाखवा, हे त्यांचं मागणं. सरकारलाही काळ्या जनतेचं मनोधैर्य टिकवायचं होतं. व्हाइट मागत होते एकाच पंगतीत पान. स्टुडिओंनी वेगळी पंगत जरा झोकात मांडून दिली.

'केबिन इन द स्काय' हा विन्सेंट मिनेली या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट. गोष्ट एखाद्या कीर्तनातल्या आख्यानासारखी आहे. लिटल जो हा जुगारी, पण मनाने वाईट नाही. त्याची बायको पेट्युनिया देवभोळी. तो मरणाच्या दारात असताना तिची प्रार्थना ऐकून त्याला सहा महिन्यांची मुदत मिळते, आणि त्याच्या आत्म्यासाठी देवाचा सेनापती आणि सैतानाचा मुलगा यांच्यात रस्सीखेच सुरू होते. सैतानाकडचं हुकमी अस्त्र म्हणजे जॉर्जिया ब्राउन, अर्थात लीना हॉर्न. जो झाला होता तोच एडी अँडरसन, ज्याच्या सलगीने पुढे बिनफर्डसाहेबांचं पित्त खवळलं. शेवटी वादळ येऊन नाइटक्लब जमीनदोस्त होतो. ते वादळ एमजीएमने 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधलंच काढून इथे चिकटवलं. या पंगतीला शिळं चालतं, असा हिशेब असावा.

पेट्युनिया झालेल्या एथेल वॉटर्सचं गाणं मात्र शिळं नाही. नवरा वाचला म्हणून ती 'हॅपिनेस इज अ थिंग कॉल्ड जो' गाते तेव्हा मिनेली फार काही करत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर ठेवतो आणि बाजूला होतो. जाडजूड, मध्यमवयीन, काळी बाई, साधे कपडे, आणि तिचं नवऱ्यावरचं प्रेम हाच चित्रपटाचा केंद्रबिंदू. गोऱ्यांच्या चित्रपटात असती तर हीच बाई चहाचा ट्रे घेऊन आत आली असती आणि बाहेर गेली असती. वेगळ्या पंगतीने दिलेली ही एक गोष्ट नाकारता येत नाही.

याच चित्रपटात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग सैतानाच्या कचेरीत युक्त्या सुचवणाऱ्यांपैकी एक म्हणून दिसतो. त्याच्यासाठी 'एन्ट इट द ट्रुथ' हे गाणं होतं, ते कात्रीत गेलं. तेच गाणं लीना साबणाच्या फेसाने भरलेल्या टबात बसून म्हणते, असंही चित्रण झालं होतं. तेही गेलं. काळी बाई फेसाच्या टबात म्हणजे सभ्यतेची मर्यादा ओलांडली, असं लीनाला नंतर कळलं. गोऱ्या नट्या तोवर किती टबांतून नाहून निघाल्या होत्या!

आर्मस्ट्राँगचं नाव निघालंच आहे तर थोडं घराकडे वळतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय बँडमास्टर आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, आणि त्या जॅझने गोव्याच्या वादकांना झपाटलं. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट घेऊन मुंबईत 'चिक चॉकलेट' झाला; लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या संगीतात त्याचा हात असायचा. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) 'दीवाना परवाना'च्या वेळी झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून वाजवणारा ताफा त्याचाच. म्हणजे हार्लेमच्या तालाचं एक टोक दादरच्या भगवान पालवांच्या त्या डुलत्या पावलापर्यंत येऊन पोचलेलं आहे. असो.

'स्टॉर्मी वेदर' १९४३ च्याच जुलैमध्ये आला, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा. त्याच्या नावाचं गाणं १९३३ मध्ये हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये एथेल वॉटर्सने गाजवलं होतं. कॉटन क्लबमध्ये रंगमंचावर काळे आणि टेबलांवर फक्त गोरे. आता तेच गाणं लीनाच्या तोंडी गेलं आणि जन्मभर तिचंच झालं. एथेलला लीना खुपत होती, आणि त्याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. पान एकच वाढायचं ठरलं की शेजारचा वैरी वाटतोच.

'स्टॉर्मी वेदर'ची कथा म्हणजे गाणी वाळत घालायला बांधलेली दोरी. म्हातारा नर्तक शेजारच्या पोरांना आपला जीवनपट सांगतो, एवढंच. नायक बिल रॉबिन्सन पासष्टीच्या घरात, नायिका लीना पंचविशीतली, आणि हे त्याचं प्रेम! पण सव्वा तासात जवळजवळ वीस गाणी-नाच आहेत. पियानोवर भुवया उडवणारा फॅट्स वॉलर आहे. त्याच डिसेंबरमध्ये तो रेल्वेच्या प्रवासातच वारला. कॅथरीन डनहॅमचा नृत्यसंघ आहे. आणि शेवटी कॅब कॅलोवेच्या ऑर्केस्ट्राबरोबर निकोलस बंधू येतात.

या चार-पाच मिनिटांसाठी जरा थांबू. फेयार्ड आणि हॅरल्ड, काळे टेलकोट, पांढरे बो. टेबलावरून उडी मारून ते खाली येतात. मग वादकांच्या मधल्या पेटीएवढ्या चौथऱ्यांवरून टॅप करत, म्हणजे बुटांनी ताल वाजवत, पुढे सरकतात. एक बूट चुकला तर सॅक्सोफोनवाल्याच्या मांडीत. पियानोवर चढतात, तिथून थेट जमिनीवर, दोन्ही पाय पसरून. आणि हात न टेकता, जणू कोणी केसाला धरून उचललं, असे ताठ उभे राहतात. मग मोठाल्या पायऱ्यांचा जिना. एक भाऊ पायरीवर उभा. दुसरा मागून येऊन त्याच्या डोक्यावरून उडी मारतो आणि खालच्या पायरीवर पाय पसरून आपटतो. मग पहिला उठून दुसऱ्याच्या डोक्यावरून, त्याच्या खालच्या पायरीवर. असं करत तळापर्यंत. नृत्यदिग्दर्शक निक कॅसलने सांगितलं होतं, तालीम करू नका, सरळ करा. पहिल्याच टेकला ते झालं. फ्रेड ॲस्टेअरने याला आपण पाहिलेला सर्वोत्तम संगीतपटातला नाच म्हटलं.

हे दोघे नृत्यशाळेत कधी गेले नव्हते. आई-वडील फिलाडेल्फियाच्या थिएटरात वाजवायचे, आई पियानोवर, वडील ड्रमवर. पोरांनी पुढच्या खुर्च्यांवर बसून बघून-बघून उचललं. इतकं करूनही हॉलीवूडने त्यांना कधी नायक केलं नाही. तो जिना उतरून ते खाली आले ते पुन्हा त्याच सुट्या डब्यात.

पुढचा मोठा टप्पा १९५४ चा, ऑटो प्रेमिंजरचा 'कार्मेन जोन्स'. बिझेच्या फ्रेंच ऑपेराच्या सुरावटी, त्यावर ऑस्कर हॅमरस्टाइनचे इंग्रजी शब्द, सिगारेटच्या कारखान्याऐवजी युद्धकाळातला पॅराशूटचा कारखाना. नायिका डोरोथी डँड्रिज, नायक हॅरी बेलाफॉन्टे. दोघेही नावाजलेले गायक. आणि दोघांनाही स्वतःचा आवाज नाही! गाणी ऑपेराच्या पट्टीतली म्हणून डँड्रिजला मेरिलिन हॉर्न या वीस वर्षांच्या गोऱ्या मुलीचा आवाज दिला, बेलाफॉन्टेला लव्हर्न हचरसनचा.

आपल्याला यात काय मोठं असं वाटेल. पार्श्वगायन आपल्या रक्तात आहे. पण किशोरकुमार पडद्यावर आणि आवाज रफीचा असं 'रागिनी'त झालं तेव्हा आपणही चमकलोच होतो ना? इथे त्याच्या जोडीला रंगाचाही प्रश्न. कृष्णवर्णीय बाईला गायला तोंड दिलं, आणि आवाज गोरीचा बसवला. पर्ल बेलीने तेवढं आपलं गाणं स्वतः म्हटलं, आणि सबंध चित्रपटात तिथेच हवा खेळती वाटते.

तरीही डँड्रिज त्यात अशी काही वावरते की नजर हटत नाही. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ऑस्कर ग्रेस केलीला गेलं. पुढे काय झालं ते नीना मे मॅकिनीच्या गोष्टीवरून ओळखता येईल: साजेशा भूमिका फारशा आल्याच नाहीत. १९६५ मध्ये ती गेली, ४२ वर्षांची. तिच्या गटातलं ऑस्कर एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मिळायला २००२ उजाडावं लागलं. हॅली बेरीने मंचावरून डँड्रिजचं नाव घेतलं.

१९५९ चा 'पोर्गी अँड बेस' यायच्या आतच जुना झाला होता. संगीतकार गर्शविनचा १९३५ चा ऑपेरा, त्यात भिकारी, जुगारी, नशेचा व्यापारी. बाहेर मात्र दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहराच्या कृष्णवर्णीयांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकून कायदा वाकवला होता. बेलाफॉन्टेने भूमिका नाकारली. सिडनी पॉटिए नाखुशीने तयार झाला, आणि त्याच्या गाण्यांना आवाज रॉबर्ट मॅकफेरिनचा. चित्रीकरणाच्या तोंडावर सेट जळून खाक झाला, दिग्दर्शक बदलला. पुढे हक्कांच्या घोळात हा चित्रपट असा अडकला की त्याची धड प्रत पाहायला मिळणं मुश्कील.

त्यानंतर हा कप्पाच मिटत गेला. १९७८ चा 'द विझ' हा त्याचा शेवटचा खर्चिक भपका, डायना रॉस आणि मायकल जॅक्सन यांचा. त्यातली चांगली जादूगारीण म्हणजे लीना हॉर्न, वय ६१.

लीनाला खरं तर 'शो बोट' या संगीतपटातली ज्युली करायची होती, गोरी म्हणून वावरणारी मिश्रवंशीय गायिका. १९५१ मध्ये ती भूमिका एव्हा गार्डनरला मिळाली. लीना सांगायची की तिच्यासाठी मॅक्स फॅक्टर या प्रसाधनांच्या कंपनीने 'लाइट इजिप्शियन' नावाची मेकअपची एक छटा मुद्दाम बनवली होती. तीच लावून गोऱ्या नट्यांना मिश्रवंशीय भूमिकांसाठी सावळं करत.

१९९४ मध्ये एमजीएमने आपल्या जुन्या संगीतपटांवरचा माहितीपट काढला, त्यात निवेदन करायला जुने तारे बोलावले. लीनाही आली. खांब नाही, पडदा नाही. सरळ कॅमेऱ्यात बघून तिने सांगितलं की तिचं एक गाणं कसं गाळलं गेलं, आणि मग ते दाखवलं: पंचविशीतली लीना, फेसाने काठोकाठ भरलेला टब, 'एन्ट इट द ट्रुथ'.